काहीही दाबलं तरी अननस

ऑफिसात रुजू होऊन आठवडा उलटायच्या आत तिचं नाव ‘इस्त्री’ पडलं. टेबलावरची पेन्सिल वाकडी दिसली की ती सरळ करायची, संगणकामागच्या वायरींची वेणी घालायची, आणि दुसऱ्याच्या कपाटाचं दार अर्धवट उघडं असलं तर जाताजाता लावून टाकायची. नाव ठेवलं चित्रकाराने. तिच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, “ठेवा की. सुरकुतीपेक्षा बरं.” मग ते कायमचंच झालं.

त्या ऑफिसात मुलांसाठी चित्रकोश तयार होत असे. एक चित्र, खाली त्याचं नाव, आणि चित्राशी गेलं की ते नाव स्वच्छ आवाजात ऐकू येणार. पूर्वी हे नुसतं पुस्तक होतं. वेबवर त्याचं पान उभं केलं ते बाईंनी. बाई मूळच्या बालवर्गाच्या शिक्षिका. शाळेतून निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना म्हणून त्या इकडे आल्या, उतारवयात वेबपान लिहायची भाषा शिकल्या आणि कोशाचं सगळं पान त्यांनी हाताने, ओळ न ओळ लिहून काढलं. आवाजही त्यांचाच. अननसापासून क्षितिजापर्यंत सगळी चित्रं एकाच लांबलचक पानावर होती आणि बाजूला सगळ्या नावांची यादी. यादीतल्या नावावर बोट ठेवलं की पान सरसर सरकून थेट त्या चित्राशी जाऊन थांबायचं आणि बाईंचा आवाज म्हणायचा, “हत्ती.” पुढे बाईंचे गुडघे ऑफिसचा जिना चढू देईनात. त्यांनी दुसऱ्यांदा निवृत्ती घेतली आणि त्यांच्या खुर्चीवर इस्त्री आली.

इस्त्रीने पान आतून उघडून पाहिलं आणि तिचे हात शिवशिवायला लागले. प्रत्येक चित्राच्या आधी बाईंनी एक खूण ठोकून ठेवली होती. खुणेला नाव: पाणी, खिडकी, हत्ती. पान सरकून जिथे थांबायचं ती ही जागा. इथवर ठीक होतं. पण मधेमधे काही खुणा नुसत्याच होत्या. त्यांच्यात चित्र नाही, शब्द नाही, आवाज नाही, फक्त नाव. घर सोडून गेलेल्या भाडेकरूची पाटी दारावर राहावी तशा. यादीतलं एकही नाव त्यांच्याकडे बोट दाखवत नव्हतं. इस्त्रीने सगळा कोश चाळणीतून घातला, कुठूनही त्यांच्याकडे जाणारी लिंक सापडली नाही. जिच्याकडे कुणीच येत नाही ती खूण कशाला हवी?

तिने मनापासून काम केलं. लांबलचक पान जड होतं, उघडायला वेळ लागायचा, म्हणून प्रत्येक चित्राला तिने स्वतःचं सुटसुटीत पान दिलं. यादी नव्या पानांकडे वळवली. मग जुन्या खुणांना काही कामच उरलं नाही, म्हणून भरलेल्या नि रिकाम्या, सगळ्या उपटून टाकल्या. आणि जुन्या पत्त्यावर चुकूनमाकून कुणी आलंच तर त्याला नव्या कोशाच्या पहिल्या पानावर पाठवून द्यायचं, अशी सोय केली. पहिलं पान अर्थातच अननसाचं.

साहेब खूश झाले. खरे खूश झाले ते मात्र पुढच्या महिन्यात, कोणतं पान किती लोक बघतात त्याचा तक्ता हातात आल्यावर.

“अननस!” साहेब तक्ता हवेत हलवत बाहेर आले. “बघा, बघा जरा! हत्ती नाही, वाघ नाही, आगगाडी नाही. मुलांचा जीव जडलाय तो अननसावर!”

चित्रकाराने कुंचला खाली ठेवला. “अहो, काहीतरीच काय? माझ्या हत्तीचं काय झालं?”

“हत्ती पार मागे. अननसाच्या आसपास कुणी नाही.”

“त्या हत्तीची सोंड मी पुन्हा पुन्हा काढलीय. आणि अननस? अननस मी जेवायच्या सुट्टीत उरकला होता.”

“म्हणूनच आवडला असेल,” इस्त्री म्हणाली.

“मुलांचं मन आपल्याला कळत नाही, हेच खरं,” साहेब गंभीर होत म्हणाले. “आता नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर अननस. त्याला डोळे काढा, हातपाय काढा. पायात बूट घाला.”

“अननसाला बूट?”

“लाल.”

चित्रकाराने कुंचला पुन्हा उचलला. संध्याकाळपर्यंत लाल बूट घातलेला एक अननस त्याच्या टेबलावर उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग हुबेहूब चित्रकाराचाच होता.

याच अननसाच्या कौतुकाच्या दिवसांत फोन आला. इस्त्रीने उचलला.

“चित्रकोशाचं ऑफिस ना? मग मला एवढंच सांगा, हा अननस बंद कसा करायचा?”

फोन करणारीचा आवाज दमलेला होता. पहिल्यांदा इस्त्रीला ती चेष्टा करतेय असं वाटलं. मग हळूहळू उलगडा झाला. तिचे वडील शिंपी. झटका आला, उजवा हात गेला आणि वाचाही गेली. कळतं सगळं, पण शब्द तोंडाशी येत नाही. हातात खडू दिला तरी अक्षर उमटत नाही. तिच्या लेकीने, म्हणजे त्यांच्या नातीने, चित्रकोशाच्या लिंका जमवून त्यांच्या टॅबलेटवर चित्रांच्या ओळी मांडून दिल्या. पाणी हवं तर पाण्याचं चित्र दाबायचं, कोशाचं पान त्या चित्राशी उघडायचं आणि बाईंचा आवाज म्हणायचा, “पाणी.” किती दिवसांनी त्या घरात आजोबांनी स्वतःहून काही मागितलं होतं.

“आणि आता काहीही दाबलं तरी अननस,” ती म्हणाली. “पाणी दाबलं, अननस. डोकं दुखतं म्हणून डोकं दाबलं, अननस. परवा रात्रभर खिडकी उघडी राहिली, थंडीने कुडकुडले, पण सांगणार कसं? आता तर ते हातच लावत नाहीत त्याला. बोलणं शिकवणाऱ्या डॉक्टर म्हणतात, ही सवय तुटली तर ते स्वतःला मिटून घेतील, मग पुन्हा उघडणं अवघड. म्हणून फोन केला. तुम्हाला हसू येत असेल.”

“नाही हो, ताई,” इस्त्री म्हणाली. तिला हसू येत नव्हतं. तिने फोनवर बोलताबोलताच नव्या कोशातलं पाण्याचं पान उघडलं. नीट उघडलं. खिडकी, डोकं, सगळं नीट. “माझ्याकडे बरोबर दिसतंय. मी घरी येऊन बघू का?”

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन कापड घालून झाकलेलं, त्यावर औषधांच्या बाटल्या. आजोबा खिडकीशी खुर्चीत बसले होते, दाढी केलेली, शर्टाला शेवटपर्यंत बटणं. त्यांनी इस्त्रीच्या कुर्त्याच्या बाहीकडे पाहिलं, उसवलेल्या टाक्यावर नजर क्षणभर थांबली, आणि मग ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

टॅबलेट घेऊन आली ती नात. चालत अशी नव्हतीच ती. पलंगावरून स्टुलावर उडी, स्टुलावरून इकडे.

“हे सगळं तू केलंस?” इस्त्रीने विचारलं.

“मग! सोपं असतं. यादीतल्या नावावर बोट ठेवायचं, मग वरच्या पत्त्याला शेपूट फुटतं. तो शेपटासकट पत्ता घ्यायचा आणि इथे आणून चिकटवायचा. आई म्हणाली होती, पाणी आणि औषध पुरे. मी म्हटलं, आजोबा काय नुसतं पाणी आणि औषध बोलणार का? म्हणून पाऊस पण ठेवला. पोपट पण ठेवला. आणि ही मी.” तिने खारीच्या चित्रावर बोट ठेवलं. “मला घरी खारूताई म्हणतात. आजोबांना मी हवी असले की ते खार दाबतात.”

तिने दाबून दाखवलं. पडद्यावर पिवळाधमक अननस आला.

“बघा!” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “मी अननस नाहीये.”

इस्त्री पडद्याकडे बघत राहिली. अननसाकडे नव्हे, त्याच्या वरच्या पत्त्याकडे. पत्ता तिच्या नव्या पहिल्या पानाचा होता. पण त्याच्या टोकाला, दोन उभ्या दोन आडव्या रेघांच्या त्या हॅशच्या चिन्हापुढे, एक शब्द अजून लटकत होता: खारूताई. तिने पाणी दाबलं. अननस, आणि टोकाला ‘पाणी’. खिडकी दाबली. अननस, टोकाला ‘खिडकी’. आजोबांनी जे जे मागितलं होतं ते प्रत्येक वेळी तिच्या दारापर्यंत आलं होतं. दारात ते ओळखणारं कुणी नव्हतं.

“माझ्यामुळे झालंय हे,” ती म्हणाली. “मी दुरुस्त करते.” आजोबांनी मान वळवली नाही.

तिथून ती तडक बाईंकडे गेली. बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती शेजारची चार-दोन पोरं बसून कागदाची घरं कापत होती. बाईंनी तिचं तोंड बघितलं, एक स्टूल पुढे सरकवलं, हातात कात्री दिली आणि म्हणाल्या, “आधी हे छप्पर काप. मग बोल.”

छप्पर कापूनच तिने सगळं सांगितलं. बाई कागदाच्या घड्या घालत ऐकत होत्या. लाल बुटांशी आल्यावर त्यांना खुदकन हसू फुटलं.

“मला एक कळत नाही बाई,” इस्त्री म्हणाली. “मी आपल्या यंत्रावरची नोंद पाहिली होती. कोण कुठून येतं ते त्यात सगळं असतं. हे लोक पाणी मागतायत, खिडकी मागतायत, हे मला कुठेच दिसलं नाही.”

“दिसणारच नाही. हॅशच्या पुढचं जे असतं ना, ते ज्याचं त्याच्या खिशात राहतं. त्याचा टॅबलेट आपल्या यंत्राकडे फक्त पान मागतो. पान हाती आलं की मग खिशातली चिठ्ठी काढून स्वतःच त्या खुणेशी जातो; खूण नसली तर पानाच्या सुरुवातीलाच थांबतो. आपल्याला वाटतं, सगळे नुसते दारापर्यंतच आले.”

“म्हणजे अननसाची एवढी गर्दी...”

“हरवलेल्या माणसांची गर्दी होती गं ती.”

इस्त्री कात्रीकडे बघत राहिली. हत्ती शोधणारी, चंद्र शोधणारी किती पोरं अननसापाशी येऊन गोंधळून परत गेली असतील, आणि इकडे त्यांचाच तक्ता हातात धरून साहेब नाचत होते.

एका पोराने विचारलं, “बाई, खूण म्हणजे काय?”

बाई अशा प्रश्नाची वाटच बघत असल्यासारख्या त्याच्याकडे वळल्या. आता हे इस्त्रीसाठी की पोरासाठी, ते त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

“शाळेत तुझं दप्तर कुठे टांगतोस?”

“खुंटीला.”

“तुझी खुंटी कोणती, कसं कळतं?”

“तिच्यावर माझं कासव आहे.”

“कासव. आकडा का नाही लावला आम्ही? लावला होता बरं का, पहिल्या वर्षी. मग वर्गात मधेच एक नवी मुलगी आली, तिला मधली खुंटी दिली, आणि तिच्या पुढच्या सगळ्यांचे आकडे एकेकाने सरकले. काय गोंधळ! याचा डबा त्याच्याकडे, तिची टोपी हिच्याकडे, अर्धा वर्ग रडतोय. तेव्हापासून चित्रं. शेजारी कुणी येवो, जावो; कासव ते कासव. वेबपानातली खूण म्हणजे अशी खुंटी. ती पानाच्या कितव्या ओळीत आहे याला महत्त्व नाही, ती कशाची आहे याला आहे. म्हणून मी पाण्याला ‘पाणी’ म्हटलं, ‘चित्र अमुक नंबर’ म्हटलं नाही. नळाचं चित्र काढून पेल्याचं घातलं तरी खुंटी पाणीच राहिली.”

“आणि लिंक?” इस्त्री विचारू लागली, वर्गातल्यासारखी.

“लिंक म्हणजे दप्तराचा बंद. तो दुसऱ्याच्या हातात असतो. खुंटीला काही विचारून कुणी दप्तर अडकवत नाही, आणि हीच तर या गोष्टीची गंमत आहे. कोण कुठली मुलगी, कोण कुठले शिंपी. त्यांना आपली परवानगी लागली नाही, ओळख लागली नाही. आपण खुंटी ठोकली, त्यांनी येऊन आपलं काही त्यावर टांगलं. मला हे पहिल्यांदा समजलं ना, तेव्हा मी रात्री उठून बसले होते. म्हटलं, केवढा विश्वास टाकलाय लोकांनी, आणि तोही न सांगता!” बाई थांबल्या. “पण त्याचमुळे, आपल्या घरातून बघितलं की खुंटी रिकामीच दिसते. कुणी काय टांगलंय ते आपल्या बाजूने कळतच नाही. म्हणून एकदा ठोकलेली खुंटी उपटायची नाही.”

“तुम्ही हे मला सांगितलं नाहीत, बाई.”

“नाही सांगितलं. शिकवणाऱ्याचं इथेच चुकतं. आपल्याला रोज दिसतं ते समोरच्यालाही दिसत असणार असं वाटतं. आणि काय गं, तुझ्या नव्या पानांवर सगळीकडे ‘पुढे’, ‘पुढे’, ‘पुढे’ लिहिलंयस. कुठे पुढे? डोळ्यांनी न दिसणारं पोर पान ऐकत असेल तर त्याने काय समजायचं? ‘पुढचं चित्र: आंबा’ असं लिही. दारावर माणसाचं नाव लिहितात, ‘दार’ लिहीत नाहीत.”

टेबलाभोवती हशा पिकला. इस्त्रीही हसली, बऱ्याच वेळाने. तिने खिशातून पेन काढून तळहातावर लिहिलं: पुढे कुठे?

ऑफिसात परतल्यावर तिने बाईंच्या पानाची साठवणीतली प्रत काढली. पहिल्या खेपेला ती फक्त काय काढायचं तेच बघत होती. या वेळी सावकाश वाचलं आणि तिला त्या पानाचं नवल वाटायला लागलं. किती वर्षं किती चित्रं आली, सरकली, बदलली होती, आणि एकाही खुणेचं नाव बदललेलं नव्हतं. दोन सारख्या नावांच्या खुणा कुठेही नव्हत्या. फळातलं डाळिंब वेगळं आणि रंगातला डाळिंबी वेगळा, खायचं पान आणि झाडाचं पान वेगळं. एवढं सगळं कुणाला दिसावं म्हणून केलेलंच नव्हतं. पानावर येणाऱ्याला ते कधीच दिसणार नव्हतं. त्याचा पाय फक्त योग्य जागी पडणार होता.

साहेबांकडे जाऊन तिने सरळ सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे रेलले.

“म्हणजे मुलांना अननस आवडत नाही?”

“आवडत असेल साहेब. पण ती आली होती दुसऱ्याच कशासाठी तरी.”

“आणि बूट?”

दारातून चित्रकार म्हणाला, “बूट हत्तीला होतील. मी मोठे करून देतो.”

जुनं पान जुन्या पत्त्यावर जसंच्या तसं उभं करायचं ठरलं. नवी सुटी पानंही राहू देत, पण ज्याला जिथून यायची सवय आहे त्याची वाट मोडायची नाही. इस्त्रीने एकेक चित्र परत आणलं, एकेक खूण परत ठोकली, प्रत्येक तपासून पाहिली. रिकाम्या खुणा तेवढ्या तिने घेतल्या नाहीत. त्यांना चित्रच नव्हतं, तर ठोकायच्या कशाशेजारी? हात जुन्या सवयीने त्यांच्यावरून पुढे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा त्या दुसऱ्या मजल्यावर होती. सगळे आजोबांच्या खुर्चीभोवती जमले. लेकीने टॅबलेट त्यांच्या मांडीवर ठेवला.

“बाबा, एकदाच बघा. या ताईंनी नीट करून आणलंय.”

आजोबा हलेनात. मग डाव्या हाताचं बोट, शिंप्याचं लांब, नेमकं बोट, पुढे आलं. त्यांनी पाणी दाबलं.

“पाणी,” बाईंचा आवाज म्हणाला.

लेक धावतच पाणी घेऊन आली. ते लगेच प्यायले नाहीत, ग्लास त्यांनी निकाम्या हाताच्या बेचक्यात टेकवून ठेवला. खिडकी दाबली. “खिडकी.” पाऊस दाबला. “पाऊस.” बाहेर लख्ख ऊन होतं, नुसतंच ऐकायचं होतं त्यांना. चेहऱ्याच्या चालत्या बाजूवर काहीतरी हललं. त्यांनी नातीकडे पाहिलं, आणि शेवटी, जपून ठेवल्यासारखं, खारीवर बोट टेकवलं.

पान उघडलं. सर्वांत वरचं चित्र पुढे येऊन थांबलं.

अननस.

आजोबांनी पुन्हा दाबलं. अननस. त्यांनी टॅबलेट मांडीवरून ढकलला. तो शेजारच्या पलंगावर पडला म्हणून वाचला. ग्लासातलं पाणी शर्टावर सांडलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले.

“बाकी सगळं चालतंय हो,” लेक हळूच म्हणाली, इस्त्रीची समजूत काढल्यासारखी. “एवढं एक नाही झालं तर...”

“तेच तर पाहिजे ना!” नात म्हणाली. “पाणी काय, कुणी पण देतं.”

इस्त्री जमिनीवरच बसली आणि तिने पिशवीतून आपला लॅपटॉप काढला. “खारूताई, इकडे ये. मला सांग, ते नेहमी तुला खारूताईच म्हणायचं का?”

“आधी म्हणायचं. मग एक दिवस नुसतं ‘खार’ म्हणायला लागलं. मला आवडलं नव्हतं. पण चालू होतं तेव्हा, बंद नव्हतं पडलं.”

इस्त्रीचा हात थांबला. तिने बाईंची प्रत उघडली आणि खारीपाशी गेली. चित्राच्या खुणेचं नाव होतं ‘खार’. आणि तिच्या अगदी आधी, चिकटून, एक रिकामी खूण: ‘खारूताई’. कधीतरी कोशात लाडाचं नाव नको, साधं हवं, असं ठरलं असणार. बाईंनी चित्राचं नाव बदललं, आवाज बदलला, नवी खुंटी ठोकली. आणि जुनी तिथेच राहू दिली. जुन्या नावाने कुणी हाक मारत आलं तर त्यानेही याच खारीपाशी पोचावं म्हणून. त्या ‘कुणी’ला बाईंनी कधी पाहिलं नव्हतं. ती इथे, इस्त्रीच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभी होती.

तिने खाली खाली पाहत नेलं. प्रत्येक रिकाम्या खुणेशेजारी एक चित्र होतं, आणि प्रत्येक खूण त्या चित्राचं मागे टाकलेलं नाव होती. तबकडीचा टेलिफोन गेला होता, त्याच्या खुंटीवरून आता मोबाइलपाशी जाता येत होतं. एकही खूण उगाच नव्हती. बाईंनी कुणाचीही वाट बंद केली नव्हती.

“सापडलं?” नातीने विचारलं.

“सापडलं. तुझ्यासाठी बाईंनी राखून ठेवलेलं, मीच फेकून दिलं होतं.”

तिने सगळ्याच्या सगळ्या रिकाम्या खुणा पानात परत घातल्या आणि टॅबलेट उचलून आजोबांच्या शेजारी ठेवला. “आजोबा, एकदा...”

आजोबांनी डोळे मिटून घेतले. लेक पुढे झाली, वडिलांचं बोट धरून चित्रावर टेकवणार, तेवढ्यात नातीने आईचा पदर ओढला.

“असं नाही. त्यांचं त्यांना बोलू दे.” मग ती आजोबांच्या कानाशी गेली. “मी आत जाते. तुम्ही बोलावलंत तरच येईन. नाही बोलावलंत तर नाही येणार, जेवायला पण नाही.”

ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. लेक ओल्या शर्टाकडे बघत उभी होती. इस्त्रीला नुसतं बसवेना, म्हणून तिने लॅपटॉपवर पान आतून उघडलं आणि पहिल्या रिकाम्या खुणेच्या वर, फक्त पान लिहिणाऱ्यालाच दिसेल असं, लिहिलं: ‘या खुंट्या रिकाम्या दिसतात. त्यांवर कुणाचं काय टांगलेलं आहे ते आपल्याला इथून दिसत नाही. काढू नका.’ वाचून पाहिलं. मग त्याखाली आणखी लिहिलं: ‘नवीन आलेल्या माणसाला हे तोंडीही सांगा.’

“खार.”

बाईंचा आवाज होता. इस्त्रीने वर पाहिलं. आजोबांचे डोळे उघडे होते आणि बोट अजून पडद्यावर होतं.

आतलं दार धाडकन उघडलं. पलंग, स्टूल, खुर्चीचा हात, आणि नात त्यांच्यापुढे. “काय हो आजोबा? काय पाहिजे?”

आजोबांनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. मग पान बोटाने खाली ओढायला लागले. खार गेली, कासव गेलं, आंबा गेला. ते ओढतच राहिले, अगदी सुरुवातीपर्यंत. तिथे पोचल्यावर त्यांनी बोट उचललं, एकदा नातीकडे रोखलं आणि मग पहिल्या चित्रावर टेकवलं.

“अननस,” बाईंचा आवाज म्हणाला.

आजोबांचे खांदे हलायला लागले. हसण्याला आवाज नव्हता, तोंड एका बाजूला ओढलं जात होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि लेक तोंडावर हात धरून त्यांच्याकडे बघत होती. झटका आल्यापासून त्यांनी कुणाची चेष्टा केली नव्हती.

“आजोबा!” नात पाय आपटत ओरडली. “मी अननस नाहीये!”

त्यांनी पुन्हा दाबलं.